घरात माणसं किती?

टी.वाय.ला भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावाचं सर्वेक्षण करायचं होतं. वर्गातल्या बाकीच्या मुली गट करून शहापूर-मुरबाडकडं गेल्या. मी आमच्या गावी गेले, संगमेश्वर तालुक्यात. कारण अगदी साधं होतं : राहणं-जेवणं फुकट, आणि सगळी वाडी ओळखीची, म्हणजे दोन दिवसांत फॉर्म भरून होतील आणि उरलेले दिवस आंबे खाता येतील.

पहिलंच घर काकीचं. माझ्या वडलांची चुलत वहिनी, पण वाडीतले लहानमोठे सगळेच तिला काकी म्हणतात. मी पडवीत बसले, पॅडला झेरॉक्स केलेली प्रश्नावली लावली आणि परक्यासारखा आवाज काढून विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" तिनं काकांचं नाव सांगितलं. काका तेव्हा मुंबईत भांडुपला एका कारखान्यात वॉचमन होते, वर्षातून दोनदा यायचे. मी लिहिलं. पुढचा प्रश्न, "घरात माणसं किती?"

काकी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कधी?"

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि कमी हुशार पोराला समजवावं तसं सांगायला लागली. आज म्हणशील तर मी नि सासूबाई, दोन. मे महिन्यात पोरं आली की नऊ. गणपतीत सतरा, त्यातली चार पडवीत झोपतात. शिमग्याला मोजायला वेळ कोणाला असतो? "तुझ्या कागदावर जागा किती आहे ते बघ, त्याप्रमाणं सांगते."

कागदावर जागा एका आकड्याची होती. मी 'दोन' लिहिलं, खोडलं, 'नऊ' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी काय लिहिलं ते आता आठवत नाही. तिचा तो 'कधी?' मात्र गेली वीस वर्षं कानात आहे. एव्हाना मी भूगोल शिकवायलाही लागले आणि दरवर्षी नव्या मुलांच्या हातात तसलीच प्रश्नावली देते. फरक एवढाच की माणसांच्या रकान्यासमोर मी चार चौकटी आखते.

शाळेत भूगोल म्हणजे सह्याद्री, पश्चिमवाहिनी नद्या, जांभ्या दगडाचा सडा आणि तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. हे सगळं खरंच आहे. आमच्या गावात पाऊस इतका पडतो की भिंतींना शेवाळ येतं, आणि एप्रिलमध्ये विहिरीत कळशी बुडत नाही, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. पाऊस भरपूर, शेत एवढंसं, जमीन त्या काळी खोताची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची. मग माणूस काय करणार? मुंबईला जाणार. पाठ्यपुस्तकात हा धडा इथंच संपायचा.

आजोबा 1940च्या दशकात जयगडहून बोटीनं मुंबईला गेले. लालबागला आमच्या गावची एक खोली होती. गावची म्हणजे खरोखरच गावची, गावकीनं भाड्यानं घेतलेली. दहा बाय बाराच्या त्या जागेत तीसेक माणसं. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांची असल्यामुळं एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पसरायची. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीला आपापलं कुलूप. जेवण शेजारच्या चाळीतल्या बाईच्या खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. गिरणगावातल्या अशाच खानावळवाल्या बाया 1975 साली प्रेमा पुरवांच्या पुढाकारानं एकत्र आल्या आणि त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. मुंबईच्या इतिहासात भोंगे आणि संप खूप येतात, पण पंचवीस-तीस पुरुषांच्या पोळ्या रोज दोन वेळा लाटणाऱ्या त्या बाईच्या हाताचा हिशेब क्वचितच येतो.

आपल्याकडं 1931पर्यंत जनगणना एका ठरलेल्या रात्रीत उरकत. त्या रात्री माणूस जिथं असेल तिथला. गिरणी कामगार मुंबईचा धरला जायचा आणि त्याची बायको, आई, पोरं रत्नागिरी जिल्ह्याची. पुढं मोजायची पद्धत बदलली, पण चित्र तेच राहिलं. विसाव्या शतकभर रत्नागिरीत पुरुषांपेक्षा बायका जास्त. 2001मध्ये हजार पुरुषांमागं 1,136 बायका, 2011मध्ये 1,122. त्याच 2011मध्ये अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा 929 होता आणि मुंबई शहर जिल्ह्याचा 832. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा : 'रत्नागिरी जिल्ह्यात लिंग-गुणोत्तर जास्त असण्याचे कारण लिहा.' उत्तर, पुरुषांचे स्थलांतर. दोन गुण.

हे उत्तर अर्धंच आहे, हे मला माझ्याच चुकीमुळं कळलं.

प्रश्नावलीत एक रकाना होता, 'स्थलांतर केले आहे का?' काकांपुढं मी 'होय, मुंबई, नोकरी' लिहिलं. काकीपुढं 'नाही'. तिच्या सासूपुढं 'नाही'. वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांपुढं 'नाही', 'नाही', 'नाही'. परत आल्यावर मॅडमनी गठ्ठा चाळला आणि लाल पेनानं काकीच्या 'नाही'भोवती गोल काढला. बाजूला लिहिलं, 'या जन्मल्या कुठे?'

काकी जन्मली नदीपलीकडं, लांजा तालुक्यात. लग्न होऊन इथं आली तेव्हा सोळा वर्षांची होती. सासूचं माहेर आणखी लांब. वाडीत नांदणारी एकही बाई त्या वाडीत जन्मलेली नव्हती, आणि मी सगळ्यांना 'स्थानिक' ठरवून मोकळी झाले होते. रेव्हनस्टाइन नावाच्या माणसानं 1885 मध्येच स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यातला एक असा की जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायका जास्त हलतात. मी तो पाठ करून परीक्षेत लिहिलाही होता. 2011च्या जनगणनेत देशातल्या स्थलांतरितांमध्ये दोन तृतीयांशांहून जास्त बायका आहेत आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. पण पुरुष गेला की 'मुंबईला गेला', आणि बाई गेली की 'तिचं लग्न झालं'. क्रियापदच निराळं, मग रकाना भरायचं सुचणार कसं?

काकीला मी हे सांगितलं तेव्हा ती बरीच हसली. म्हणाली, "म्हणजे मी पण चाकरमानी की गो! पगार तेवढा राहिला."

काकीच्या माजघरात देवांच्या फोटोशेजारी एक मोठा खिळा आहे. त्यावर चाव्या लटकतात. माझ्या सर्वेक्षणाच्या वेळी तीन होत्या, मागच्या मे महिन्यात मी मोजल्या तर अकरा. प्रत्येक चावीला वेगळी खूण : एकीला लाल दोरा, एकीला बांगडीचा तुकडा, एकीला दुधाच्या पिशवीची पट्टी, एकीला कुठल्याशा पतपेढीची किचेन. नावं कुठंच लिहिलेली नाहीत. काकीला अंधारात हात लावूनही कुठली कोणाची ते कळतं. घराची कौलं गेली तेव्हा कोण आलं होतं, कोणी पत्रे घातले, कोणी नुसतं फोनवर "बघू या गणपतीत" म्हटलं, तेही तिला तोंडपाठ आहे. पावसाआधी पडवीला झापं बांधून घ्यायची, वाळवी कुठवर चढली ते बघायचं, वीजबिल आणि घरपट्टीच्या पावत्या ठेवायच्या, दिवाळीत उंबऱ्यावर पणती लावायची. अकरा घरांच्या अकरा पणत्या. ती म्हणते, "घराला अधूनमधून माणसाचा आवाज लागतो, नायतर ते रुसतं." मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. आत शिरल्यावर ती खरंच मोठ्यानं बोलत होती, कोणाशी ते विचारायचा धीर मला झाला नाही.

मी तिला विचारलं, पूर्वी चाव्या कोण सांभाळायचं? ती म्हणाली, "पूर्वी कुलपं होती कुठं? कडी-कोयंडा असायचा. घरात कोणीतरी असायचंच ना."

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. आजोबांची पिढी मुंबईला गेली तरी घराला कुलूप लागलं नाही, कारण आजी घरात होती. म्हातारी माणसं, गुरं, भाताची लावणी, गावकीचे मान, सगळं तिच्या डोक्यावर. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, तिचा अंगठा घ्यायचा आणि बहुतेक वेळा सोबतचं पत्रही वाचून दाखवायचा. शंभर वर्षं पुरुष जात राहिले आणि घर उघडं राहिलं. कुलूप लागलं ते बाई गेल्यावर. आणि ती गेली 1970-80 नंतर, पोरांच्या शिक्षणासाठी. माझी आईही तशीच निघाली. मोठ्या भावाला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं आणि डोंबिवलीच्या एका खोलीत संसार मांडला गेला. आजी मागं राहिली, आजी गेल्यावर काकीच्या खिळ्यावर आमची चावी आली. तो बांगडीचा तुकडा आमचा.

म्हणून 1,136 वरून 1,122 हा उतार मला चौदाचा वाटत नाही. त्यात घराघरातून बॅग भरून निघालेल्या बायका दिसतात. हा माझा अंदाज, पण वाडीतली निम्मी कुलपं माझ्या बाजूनं साक्ष देतील.

2011च्या आकड्यांत आणखी एक गंमत आहे. त्या वेळी महाराष्ट्रात 35 जिल्हे होते आणि दहा वर्षांत लोकसंख्या घटली फक्त तिघांत : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. रत्नागिरी 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर, मुंबई शहर 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर. मुलांना मी नकाशा कोरा देते आणि हे तीन जिल्हे रंगवायला सांगते. खाली दोन ठिपके, वर एक ठिपका. मग विचारते, यांचा एकमेकांशी संबंध काय? पहिल्यांदा कोणीच बोलत नाही. मग मागच्या बाकावरचा एखादा मुलगा, ज्याचं आडनाव ऐकून मला त्याचा तालुका आधीच कळलेला असतो, हळूच म्हणतो, "मॅडम, आमचंच घर आहे हे."

कोकण आणि मुंबई, एकाच दोरीची दोन टोकं आहेत ती. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर आले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्या दिवसांत गाव कामाला आलं. आजोबा दोन पावसाळे गावी राहून भात लावत होते, पन्नाशी उलटल्यावर. मग गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लालबाग-परळची माणसं लोकलच्या रुळांवरून वर सरकत गेली. आजोबा लालबागला, वडील डोंबिवलीला, भाऊ बदलापूरला. दर पिढीला काही स्टेशनं पुढं. 2011मध्ये ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांवर जाऊन देशातला सगळ्यात मोठा जिल्हा ठरला होता. त्यात आमच्या वाडीचा वाटा मी नावानिशी सांगू शकते. आणि ठाण्यापुढच्या दिवा गावात आमच्याकडची इतकी माणसं का? जागा स्वस्त हे कारण आहेच, पण दिवा जंक्शनला कोकणात जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या मिळतात हेही आहे. घर घेताना माणूस गावाकडच्या गाडीचा विचार करतो. जमिनीच्या भावांच्या कोष्टकात हे कुठं बसवणार?

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता चाकरमानी परत येतील. माणसं आली, वारंवार आली, पण राहायला नाही. पूर्वी दोन दिवसांच्या प्रवासामुळं आलेला माणूस महिनाभर राहायचा. आता शुक्रवारी रात्री निघून रविवारी परततो. अंतर कमी झालं आणि मुक्कामही. स्वीडनच्या हेगरस्ट्रांड या भूगोलतज्ज्ञानं 1970च्या सुमाराला माणसाचा दिवस नकाशावर रेषेनं काढायची पद्धत मांडली, जागा आणि वेळ एकत्र धरून. मी भावाचा एक दिवस तसा काढला होता. बदलापूर ते सीएसएमटी जाणारी-येणारी लांबलचक तिरकी रेघ. काकीचा काढला तर घर, गोठा, विहीर, देऊळ एवढ्यातच रेघांचं जाळं. भाऊ बसून प्रवास करतो (जागा मिळाली तर), काकी चालत. दमतं कोण जास्त, ते रेघ सांगत नाही.

गावाचा नकाशा काढताना आणखी एक गोष्ट मी पहिल्या वेळी गिळून टाकली होती. आमची वाडी कुणब्यांची. ओढ्यापलीकडं बौद्धवाडी, खाली खाडीच्या अंगाला मोहल्ला. मी वाड्या दाखवल्या, विहिरी दाखवल्या, पण कुठली विहीर कोणाची आणि नळाची लाइन आधी कुठवर आली हे दाखवलं नाही. ते विचारायची लाज वाटली म्हणा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. कागदोपत्री नावं बदलत आहेत आणि ते चांगलंच आहे, पण एसटीतून उतरताना लोक अजून जुन्याच नावानं 'थांबवा' म्हणतात. आता मुलांना मी पाण्यापासून सुरुवात करायला लावते. रस्ता मागाहून काढा, म्हणते.

जमिनीचंही तसंच. 1949च्या कायद्यानं खोती गेली, कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 नंतर कसणाऱ्याच्या नावावर जमिनी झाल्या, आणि आज त्याच सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की उतारा काढला तर पानं जोडावी लागतात. विकायची तर सगळ्यांच्या सह्या, दुरुस्त करायचं तर सगळ्यांची वर्गणी. 1994 पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हिस्सा आहे, पण आमच्याकडं भाऊबीज आणि हक्कसोडपत्र यांचं जुनं नातं. काकीनंही माहेरचा हक्क सोडलाय. मी विचारलं, का? म्हणाली, "भावाचं दार उघडं राहावं म्हणून." काकीच्या आयुष्यात सगळे प्रश्न शेवटी दाराशीच येऊन थांबतात.

2020च्या मे महिन्यात मुंबईची माणसं गावी निघाली, मिळेल त्या वाहनानं, काही चालतही. गावाच्या वेशीवर बांबू आडवे लागले. ज्यांच्या वर्गणीतून देवळाचा सभामंडप झाला तेच चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत झोपले. त्या दिवसांबद्दल आमच्यात फारसं बोललं जात नाही, म्हणून इथंही जास्त लिहीत नाही. काकी दोन वेळा शाळेच्या कठड्यावर डबा ठेवून यायची, एवढं सांगते.

ती शाळा आता चालते ती थोडी नेपाळी पोरांवर. आंब्याच्या बागा राखायला, फवारणीला, तोडणीला नेपाळची माणसं येतात, बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात राहतात. एक जोडपं काकीच्या घरामागच्या बागेत तीन वर्षं टिकलंय. त्यांची मुलगी दुसरीत आहे, 'येतंव' आणि 'जातंव' आमच्यापेक्षा झोकात म्हणते, आणि पटावर तिचं नाव आहे म्हणून गुरुजींना धीर आहे. आमची पोरं बदलापूरच्या शाळेत, तिची मराठी आमच्या शाळेत. मागच्या मे महिन्यात काकी त्या बाईला पडवीत बसवून चहा देत होती. मी प्रश्नावलीच्या सवयीनं तिचं गाव, जिल्हा, किती दिवसांचा प्रवास असं विचारत सुटले. काकीनं मला थांबवलं आणि एकच विचारलं, "तुझ्या घराची चावी कोणाकडं?"

"सासूकडं," ती म्हणाली. काकीनं मान हलवली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

शिमग्यात आमच्याकडं ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. घर बंद असून चालत नाही. दोन वर्षांपूर्वी पालखी एका दारात आली, मुंबईवाले अजून महामार्गावर अडकलेले, आणि काकी लाल दोऱ्याची चावी घेऊन पुढं. कुलूप गंजलेलं. ढोल वाजतोय, पालखी खांद्यावर, सत्तरी ओलांडलेली बाई उंबऱ्यावर बसून कुलपात खोबरेल तेल सोडतेय. कोणीतरी म्हणालं, "दगडानं फोडा." तिनं नुसतं वळून बघितलं. पाच-सात मिनिटांनी कुलूप निघालं. आत काळोख, कुबट वास, भिंतीवर 2016चं कॅलेंडर. तिनं खिडकी उघडली, पाटावर तांदूळ पसरले, देवीची ओटी भरली, आणि त्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायला लावलं. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये, कोणाची नोकरी गेलीय, कोणाला मूल व्हायचंय. गावच्या मंडळाच्या मुंबईतल्या सभेत वर्गणी मांडतात ती पुरुषांच्या नावांची. तिनं नावं घेतली त्यात सुना होत्या, लग्न होऊन गेलेल्या मुली होत्या, आणि एक घटस्फोट घेऊन परत आलेली होती, जिचं नाव तिच्या सख्ख्या भावानं वर्गणीच्या वहीत घातलेलं नाही.

पुढची जनगणना जवळ आली आहे. संदर्भ तारीख ठरली आहे 1 मार्च 2027. मी काकीला फोनवर सांगितलं की मोजणीवाले येतील, या वेळी मोबाइलवर नोंदी करतील, घाबरू नकोस. तिनं तारीख पुन्हा विचारली. मग कॅलेंडर उलटल्याचा आवाज आला, भिंतीवर पुढच्या वर्षाचं असायचा प्रश्नच नव्हता, तिनं बोटांवर तिथी मोजल्या असणार. त्या वर्षी होळी मार्चची वीस तारीख उलटून गेल्यावर आहे.

"तीन आठवडे थांबायला सांग त्यांना," काकी म्हणाली. "घरं सगळी उघडते मी."